एक वायर उरली!

आमच्या एडिनबराच्या घरातला, हीटिंग चालू-बंद करणारा जुना थर्मोस्टॅट अगदी व्यवस्थित चालत होता, म्हणून मी तो बदलायचं ठरवलं.

नवा ‘स्मार्ट’ होता. काळा, गोल, चकचकीत, फोनवरून चालणारा. (घरात माझं ऐकणारं काहीतरी असावं, एवढीच अपेक्षा!) माझा नवरा निखिल म्हणाला, "बसवायला माणूस बोलाव." पण नेमके नागपूरहून माझे बाबा आलेले. जन्म वीज खात्यात गेलेला. ते उसळलेच.

"माणूस कायले पाहिजे? मी मेलो का?"

मेन स्विच बंद करून बाबांनी जुना उतरवला. आमचं हीटिंग दोन टप्प्यांचं. आधी हीट पंप चालतो, थंडी फार वाढली की त्याच्या मदतीला दुसरा हीटर येतो. टप्पे दोन, वायरी दोन. नव्यात जागा मात्र एकच!

"बाबा, ही लाल वायर उरली."

"उरू दे. एक्स्ट्रा असते."

"पण आधी लावलेली होती ना?"

"अपर्णा, इंजिनियर तू आहेस का मी?"

लाल वायरीला टेप गुंडाळून त्यांनी ती भिंतीत कोंबली. ती नेमकी दुसऱ्या हीटरची! सकाळी बर्फ पडला आणि एकटा हीट पंप कण्हायला लागला. घरात चौदा डिग्री! वर फोनवर हिरवं पान झळकलं, ‘शाब्बास! तुम्ही ऊर्जा वाचवताय!’ मी फोन सोफ्यावर आपटला. (भिंतीवरच आपटणार होते, पण थर्मोस्टॅट त्या फोनमध्येच होता.)

त्याच दुपारी निखिलच्या प्रमोशनची पहिली मुलाखत, घरूनच, व्हिडिओवर. कानटोपी घालून बसला बिचारा. दात इतके वाजत होते, की समोरच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही घाबरलायत का?"

लॅपटॉप मिटून तो तरातरा बाहेर आला. "आधी ते काढा तिथून! आत्ताच्या आत्ता!"

"ओरडतोस काय? बाबा आहेत इथे!" मी ओरडले.

"जावईबापू, करून राहिलो ना मी!" बाबा आम्हा दोघांपेक्षा मोठ्यानं ओरडले.

आता बाबांनी जालीम उपाय काढला. दोन्ही वायरी पिळल्या आणि एकाच भोकात घातल्या. झालं! पंप आणि हीटर एकदमच सुटले. थर्मोस्टॅट दाराजवळच्या गार बोळात, त्यामुळे तिथं ऊब पोचेपर्यंत खोल्यांची भट्टी! दुसऱ्या मुलाखतीत निखिलच्या कपाळावरून घामाच्या धारा. मी खिडकी उघडली, तर बर्फाचा झोत थेट त्याच्या कॉलरमध्ये. समोरच्या बाई कळवळून म्हणाल्या, "पाणी प्या. एवढं टेन्शन घेऊ नका."

प्रमोशन ग्लासगोच्या एका माणसाला मिळालं. (त्याच्याकडे साधा थर्मोस्टॅट असणार.)

निखिलनं माझ्याशी बोलणं टाकलं. मी बाबांशी टाकलं. बाबांनी बॅग काढली. "मी चाललो नागपूरला! तिथं थर्मोस्टॅटच नाही!" पण जाण्याआधी रागारागात त्यांनी जुना थर्मोस्टॅट परत बसवला, दोन्ही वायरींसकट. तासाभरात घर उबदार झालं आणि बॅगही पुन्हा पलंगाखाली गेली.

माझा राग मात्र उतरेना. मी कंपनीला फोन लावला, स्पीकरवर. सगळ्यांना ऐकू दे चूक कुणाची ते!

"कसल्या वस्तू विकता हो तुम्ही?"

"मॅडम, हा फक्त एका टप्प्याच्या हीटिंगला चालतो," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "बॉक्सवर लिहिलंय. घेण्याआधी तुम्ही कम्पॅटिबिलिटी, म्हणजे हा तुमच्या हीटिंगशी जुळतो का, ते तपासलं होतं का?"

"ते कोण तपासत बसतं!" मी किंचाळले.

इतके दिवस गप्प असलेला निखिल सावकाश उठला आणि फोनजवळ आला.

"ही बसते," तो म्हणाला. "बँकेत सॉफ्टवेअरच्या कम्पॅटिबिलिटी टेस्टिंगची हेड आहे. त्यासाठीच प्रमोशन मिळालंय हिला."