सत्तावीस नंबरची चिठ्ठी

शेनझेनजवळच्या शाजिंगमध्ये वेप बनतात, विजेवर धूर देणाऱ्या, आत गोड रस भरलेल्या बोटभर नळ्या. त्यांतली कुठली गळते हे पाहायला तिथल्या एका कारखान्यात यिन सूयिंग आहे. काम म्हणाल तर अगदी झोपेचं. प्रत्येक खोक्यातल्या चार-दोन नळ्या उचलायच्या, उबदार खोलीत पांढऱ्या कागदावर उलट्या उभ्या करायच्या आणि दुसऱ्या दिवशी कागद वाचायचा. जी गळली तिच्याखाली डाग असतो. पूर्वी नळ्या तोंडानं ओढून पाहाव्या लागत. तेव्हा लिचीची गोड चव जिभेवर अशी बसायची, की जेवणात मीठ आहे की नाही तेही कळायचं नाही. आता ओढायला यंत्र आलंय. डाग वाचायला मात्र सूयिंगच लागते, आणि तिला त्याचा गर्व आहे, भले ती दाखवत नसेल.

दुपारी त्या उबेत डोळे जड होतात. कागदावरचे डाग पसरत पसरत तिच्या गावाकडचे, हानयुआनचे डोंगर होतात. तिरफळांच्या बागा दिसतात, आणि अंगणात नवी लोणच्याची बरणी पारखत बसलेली आई. बरणीच्या गळ्याभोवती पाण्याची पन्हळ असते. आई जळता कागद आत टाकायची, झाकण ठेवायची, पन्हळ पाण्यानं भरायची आणि कान लावून बसायची. बरणी चांगली असली की ते पाणी गुडुक करून आत ओढून घ्यायची. आईला जाऊन अकरा वर्षं झाली, पण या खोलीत ती बहुतेक दुपारी येऊन जाते. सूयिंग तिला जा म्हणत नाही.

घरी आता एकटा बा. वय पंचाहत्तर, तंबाखूच्या पाइपानं छाती खिळखिळी झालेली. पाइप सुटावा म्हणून गेल्या नववर्षाला सूयिंगनं स्वतः तपासलेली एक नळी त्याला नेऊन दिली. खोक्यात चिठ्ठी होती, तपासणी क्रमांक २७. सत्तावीस म्हणजे सूयिंग. बानं ती चिठ्ठी भाताच्या शितानं नळीवरच डकवली.

डोंगर चढला की चांगली नळीही गळते. वर हवा विरळ, मग आतली हवा फुगते आणि रस बाहेर ढकलते. सरळ उभी ठेव, तोंड पुसत जा, मोबाइलचा जोरकस चार्जर लावू नकोस, असं तिनं दहादा सांगितलं होतं. बा दहादा हो म्हणाला होता. तिरफळं काढायच्या दिवसांत एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याचा निरोप आला. नळी पुन्हा ओली झाली, म्हणून तंबाखूच्या पानांसारखी चुलीच्या कडेला वाळवली. आता ती जाडी झालीय.

सूयिंगनं भाताचा वाडगा तसाच ठेवून त्याला व्हिडिओ कॉल लावला.

"बा, कुठंय ती आत्ता?"

"खिशात. कुठं असणार?" त्यानं छातीवर थाप मारून दाखवली.

"हळू काढ. दाबू नकोस, टोचू नकोस. टेबलावर ठेव आणि लांब हो."

"जरा फुगलीय इतकंच. माझंही पोट फुगतं, मला टाकशील का बाहेर?"

मग कपड्यांच्या पेटीत ठेवतो म्हणाला. तिनं बजावलं, आतली बॅटरी एकदा फुगली की कधी पेट घेईल सांगता येत नाही, आणि घर सगळं लाकडाचं. नळी पडद्यासमोर धरून बा म्हणाला, "हिच्यावर तुझी चिठ्ठी आहे, सूयिंग. खोकला आला की मी त्यावर बोट फिरवतो. वर्षाला सात दिवस येतेस तू. बाकीचे दिवस हीच असते."

सूयिंगला स्वतःची लाज वाटली. बाला काय हवं होतं आणि तिनं काय नेऊन दिलं होतं. पण रडायला वेळ नव्हता. पाण्याच्या बादलीत टाक म्हटलं तर तो टाकणार नाही, हे तिला ठाऊक होतं. कुठलीही वस्तू आईच्या स्वाधीन करायला मात्र त्यानं कधी कुरकुर केली नव्हती.

"आईची बरणी रिकामी आहे ना? अंगणाच्या टोकाला ने. कोरडी वाळू घाल, मग नळी, वर पुन्हा वाळू."

"आणि झाकण?"

जन्मभर एक थेंबही गळू न देणारी सूयिंग म्हणाली, "झाकण नको, बा. धूर कोंडला तर बरणी फुटेल. उघडीच राहू दे."

तेवढ्यात चित्र गेलं. डोंगरात हे नेहमीचंच. दुपारभर ती उबदार खोलीत कागदांपुढे बसून राहिली, आणि एकही डाग तिला वाचता आला नाही. आईही आली नाही. सुट्टी व्हायच्या सुमाराला निरोप आला, "ठेवली. चिठ्ठी सोलून घेतली, रागावू नकोस."

तिसऱ्या दिवशी बरणीतून फुसफुस झाली, वाळूतून काळा धूर निघाला आणि कोंबड्या शेजाऱ्याकडे पळाल्या. बाला काही झालं नाही. तो फोनवर हसत हसत सांगत होता, आणि इकडे सूयिंग पुन्हा पुन्हा विचारत होती, कुठं भाजलं नाही ना.

नववर्षाला ती घरी गेली तेव्हा बरणी धुऊन अंगणात मांडलेली होती, आतून अजून काळसर. बा काडेपेटी घेऊन उभाच होता. "बघ तडकलीय का. तुझंच काम ते."

तिनं जळता कागद आत टाकून झाकण ठेवलं आणि पन्हळीत पाणी ओतलं. दोघं ओणवे होऊन ऐकत राहिले. क्षणभर काहीच नाही. मग गुडुक.

बानं खिशातून मळकी चिठ्ठी काढली, शीत लावून बरणीच्या पोटावर चिकटवली आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "या खेपेला किती दिवस?"

"सात," सूयिंग म्हणाली आणि पन्हळीत आणखी पाणी ओतू लागली. पन्हळ भरून पाणी अंगणात सांडलं, तरी ती ओततच राहिली.