तळहातावरचं खोबरेल

त्या काळ्या पट्ट्यांनी माझं डोकं खाल्लं होतं. नव्वदच्या दशकात मी रोज पेणहून एसटीने रोह्याला एका लहान कारखान्यात जायचो. तिथे बनलेला माल तपासायचं काम माझ्याकडे होतं. आमच्या शेठना विमानाच्या दाराचा एक आधार कार्बन फायबरमध्ये करायचं काम हवं होतं. नमुन्याच्या पट्ट्या पास झाल्या तर काम आमचं. नाही तर हा विभाग बंद आणि आम्ही सगळे घरी.

पट्टी म्हणजे राळ भरलेलं काळं कापड, थरावर थर दाबून भट्टीत कडक केलेलं. धाग्यांच्या दिशेने ओढली तर पोलादाला भारी पडेल, आणि हातात घेतली तर वजन जाणवू नये. पण दोन थरांच्या मध्ये धागा नसतो, नुसती राळ असते. म्हणून आखूड तुकडा दोन टेकूंवर ठेवून मधोमध दाबायचा आणि थर कधी सुटतात ते बघायचं. ओढायच्या परीक्षेत आमच्या पट्ट्या पहिल्या नंबरात. दाबलं की टक् करून आवाज, आणि पट्टी चिरोट्यासारखी पदर सोडायची.

शेठ म्हणाले, "तुझं मशीनच खोटं बोलतंय." मशीन तपासून घेतलं, ते खरंच बोलत होतं. मग खापर भट्टीवर फुटलं, मग खाडीकडच्या दमट हवेवर, मग सारख्या जाणाऱ्या विजेवर. महिनेच्या महिने असे गेले. काम देणाऱ्या विमान कंपनीचे फोन येत राहिले आणि मला त्या टक् आवाजाचा तिटकारा आला.

थर लावायला पेणच्या गणपतीच्या कारखान्यातून एक काका आणले होते. साच्याच्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कापडाला सुरकुती नाही, बुडबुडा नाही. त्यांच्याकडे संशयाने बघायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

एका दुपारी वैतागून मी त्यांच्या खोलीत नुसताच जाऊन बसलो. काकांनी घामाने भिजलेले हातमोजे काढून ठेवले, खिशातून बाटली काढली, तळहातावर खोबरेल घेऊन चोळलं आणि कापडावरून हात फिरवायला सुरुवात केली.

"काका, हे काय?"

"तेल. राळ चिकटते ना हाताला. प्लास्टरला बसताना आमच्याकडं समदेच लावतात."

मी ओरडलोच. प्रत्येक थराखाली तेलाचा हात, मग राळ धरणार कशी? काकांचा चेहरा उतरला.

"म्हंजे, इमान पडलं असतं?"

"व्हय," मी म्हणालो. रागात होतो, पण खोटं बोललो नाही.

त्यानंतर काकांनी मोजे काढले नाहीत. कापडाला हात लावण्याआधी साबणाने कोपरापर्यंत धुवायचे. नवी पट्टी दाबली तर मशीनचा काटा चढतच गेला. मी आनंदाने टेबलावर मूठ आपटली. शेठनी लगेच फोन लावला. पलीकडून उत्तर आलं की खूप वाट पाहिली, आता काम दुसऱ्यांना दिलंय. "अहो, पण पट्टी टिकलीय!" शेठ फोनमध्ये ओरडत राहिले. मला इतका संताप आला की ती पट्टी मोडावीशी वाटली, आणि ती मोडेना.

विभाग बंद पडला, काका परत मूर्तींकडे गेले. पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी पेणला त्यांच्या जुन्या कारखान्यात गेलो. सगळ्यांचे हात तेलाने चकाकत होते. एकट्या काकांच्या हातांना प्लास्टरची पांढरी खपली धरली होती, बोटं भेगाळली होती.

"काका, इथे लावा की तेल. इथे चालतं."

"हात धजत नाय आता. पोरं हसतात मला." त्यांनी नखाने खपली खरवडली. "मी तेल सोडलं ना, साहेब? पट्टी बी टिकली. मग त्या इमानवाल्यांनी का नाय बोलावलं?"