बांगडे खाणारा वाघ

दोरीवरचे बांगडे गेले, तिथून हे सुरू झालं. आमच्या क्वार्टर्समध्ये किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. संध्याकाळच्या चहाला कालच्या किश्शावर आजचा थर चढतो आणि मूळ गोष्ट कुणालाच आठवत नाही. म्हणून लिहून ठेवतेय. यात सगळ्यात जास्त घाबरलेली मीच होते, तेव्हा मला तेवढा हक्क आहे.

सौदीतल्या जिझानच्या डोंगराकडच्या एका छोट्या हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट. कुकरच्या शिट्टीलाही दचकते. शेजारच्या मंजिरीताई रत्नागिरीच्या, आमच्याकडेच सिस्टर. त्यांनी मीठ लावून गच्चीवर टांगलेले बांगडे सकाळी गायब.

"कावळे असतील," मी म्हटलं.

"कावळा डोकं टाकून जातो गो. ह्याने डोकी पण नेलीन."

*

पुढच्या आठवड्यात ड्यूटीला निघाले, तर कचऱ्याच्या डब्यामागे दोन कान. काळे, टोकाला झुपके. मी "वाघ" म्हणून किंचाळले आणि हातातली खोलीची चावी फेकून मारली. चावी डब्यात पडली. वाघ चालत निघून गेला.

आमचे भूलतज्ज्ञ साठे सर धावत आले. "केवढा होता?"

"वाघाएवढा."

"वाघ कुठे पाहिलास तू?"

"जीवशास्त्राच्या पुस्तकात."

"म्हणजे वीतभर."

मग त्यांनीच मोबाइलवर शोधून सांगितलं, हे कॅरॅकल नावाचं रानमांजर. "पुन्हा दिसलं तर बोलव, झोपवतो मी."

"डोस किती देणार, सर?"

"आधी तू त्याला वजनकाट्यावर उभं कर."

*

वन्यजीव खात्याला मी मेसेज केला. उत्तर आलं, फोटो पाठवा. ते पुन्हा डब्यामागे दिसलं तेव्हा पळता पळता काढलेला फोटो पाठवला. पुन्हा अदबीने उत्तर आलं: डबा मिळाला, प्राणी कुठे आहे?

शेवटी एक साहेब जीप घेऊन आले आणि गच्चीवर कॅमेरा लावून गेले. कॅमेऱ्यात रोज सकाळी फक्त मंजिरीताई. गाऊनमध्ये, हातात मासे. साहेबांचा साठे सरांना फोन आला, कारण आमच्यात बरं अरबी त्यांनाच येतं. "या बाई रोज त्याला जेवण का टांगतात?"

सरांनी वाळवणाची पद्धत समजावली. साहेब म्हणाले, "खलास. मासे बंद."

"आणि मी काय डाळभात खाऊ?" मंजिरीताईंनी दोरी लाँड्रीच्या खोलीत नेली.

*

एका दुपारी माझ्या खिडकीखाली एसीचं पाणी साठलेल्या बादलीतून ते रानमांजर पाणी पीत होतं. मी पडद्याआड. त्याने वर पाहिलं, पुन्हा प्यायला लागलं. मी दचकले नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण विश्वास कोण ठेवणार?

त्याच आठवड्यात मागच्या वस्तीतल्या अबू सालेहचं करडू गेलं. "तुमचा वाघ," तो साठे सरांना म्हणाला, "आता दिसला की संपला."

*

शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी लाँड्रीत काहीतरी धाडकन पडलं. डोकावले तर बांगड्यांखाली ते. मी दार ओढलं, कडी घातली आणि सवयीप्रमाणे किंचाळले. माझ्या किंकाळीने आधी अबू सालेह आला, बंदूक घेऊन.

मी दाराला पाठ लावून उभी राहिले.

साठे सरांनी मध्ये पडून तह केला. अबू सालेह प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. "लावा खात्याला फोन. उचलला तर जनावर त्यांचं. नाही उचलला तर माझं."

मी फोन लावला. एंगेज. पुन्हा एंगेज. बघते तर मदत म्हणून साठे सर आणि मंजिरीताईसुद्धा तोच नंबर फिरवत होते.

"ठेवा ना फोन! आपणच आपल्याला अडवतोय."

दोघांनी ठेवले. माझा लागला. स्पीकरवर रिंग वाजत राहिली, वाजत राहिली. कुणी उचलेना.

"यल्ला, चल, बाजूला हो," अबू सालेह उठला. त्याने बंदूक उचलली. मी डोळे मिटले.

"अस्सलामु अलैकुम," स्पीकरमधून कुणीतरी म्हणालं.

डोळे उघडले. अबू सालेहने बंदूक भिंतीला टेकवली होती. उजवा हात छातीवर ठेवून तो माझ्या फोनला म्हणत होता, "व अलैकुम अस्सलाम. कसे आहात? तब्येत कशी आहे? घरचे सगळे बरे?"