निळ्या दाराचं हॉटेल

चार माणसांत तोंड उघडायची मला सवय नाही. पण लिमरिकला मी जो घोळ घातला, तो मीच सांगितलेला बरा. कारण नागपूरला माझे सासरे तो रोज कुणाला तरी सांगतात, आणि दरवेळी त्यात थोडी भर पडते.

तर माझी बायको केतकी डब्लिनजवळ सँडीफोर्डला सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी घरून ऑफिसवाल्यांना डबे करून देतो. शाळा मी नववीतच सोडली. आणि सासरे कोण? निवृत्त हेडमास्तर. लग्नाला दोन वर्षं झाली, तरी त्यांनी मला एकदाही 'जावईबापू' म्हटलं नव्हतं. 'हे' म्हणायचे. मी समोर बसलेला असताना केतकीला विचारायचे, "हे जेवले का?"

सासू-सासरे आयर्लंडला आले तेव्हा केतकीने लिमरिकला दोन दिवस जायचं ठरवलं. जुनं शहर, नदीकाठी किल्ला. तिची मीटिंग होती, ती दुसऱ्या दिवशी येणार होती.

"राहायची जागा तू बघ," ती म्हणाली. "जरा स्टायलिश. बाबांना दिसू दे तू काय करू शकतोस ते. आणि शंका आली तर विचार, लाजू नकोस."

चार दिवस मी फोटो बघत होतो. शेवटी सापडलं. दोनशे वर्षांचं घर, उंच छत, आणि झोपायच्या खोलीच्या मधोमध तांब्याचा टब. आता पलंगासमोर आंघोळ कोण करतं, मला विचारू नका. स्टाईल आहे. बाहेर पाटीसुद्धा नाही. फक्त निळं दार. ते उघडंच असेल, सरळ आत या, असं लिहिलं होतं.

लिमरिकला पोचलो तर एकाच साच्यातून काढल्यासारखी विटांच्या घरांची लांबच लांब रांग.

"पाटी नाही?" बाबांनी विचारलं.

"स्टायलिश हॉटेलांना नसते, बाबा."

"हं," बाबा म्हणाले. गृहपाठ न केलेल्या मुलाला म्हणतात, तसं.

तेवढ्यात निळं दार दिसलं. अर्धवट उघडं. वर काळ्या रिबिनीचं फूल. म्हटलं, बघा, दार पण सजवलंय. घराचा नंबर बघायचा असतो, हे मला तेव्हा सुचलं नाही.

आत वीसपंचवीस माणसं. हसणं-खिदळणं, चहाचा वास, टेबलावर सँडविचेसचे ढीग. एका उंच माणसाने आमच्या बॅगा हातातून घेतल्या. "कुठून आलात?"

"इंडिया," मी म्हणालो.

त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. मग वळून सगळ्यांना म्हणाला, "हे इंडियाहून आलेत. मायकलसाठी!"

सगळे उठून उभे राहिले. मायकल म्हणजे मालक, हे मी ओळखलं. आईंना खुर्ची मिळाली. बाबांना चहा. बाबा नको म्हणाले, तर एक आजी म्हणाली, घ्या हो, घ्या, आणि केकही दिला. जो तो येऊन हात मिळवत होता, प्रवास कसा झाला विचारत होता.

बाबांनी तिसरा कप संपवला. माझ्याकडे बघितलं. सरळ माझ्याकडे.

"किती मनापासून करून राहिले हे लोक. असा पाहुणचार मी उभ्या जन्मात नाही पाहिला, जावईबापू."

माझ्या हातातलं सँडविच पडायचं राहिलं. दोन वर्षं, मंडळी. दोन वर्षं.

इतक्यात तो उंच माणूस हळूच म्हणाला, "मायकलला भेटता का? समोरच्या खोलीत आहे."

चेक-इन! मी फाईल काढली. तीन पासपोर्ट, बुकिंगचा कागद. छाती पुढे काढून आत गेलो.

आत मेणबत्त्या होत्या. फुलं होती. मधोमध एक लांब पेटी होती आणि पेटीत कोट घालून, हात जोडून, मायकल होता.

तुम्ही म्हणाल, आधी कसं कळलं नाही? अहो, आपल्याकडे मयताच्या घरात चूल पेटत नाही. इथे तीन प्रकारचे केक होते. कोणाला कळेल?

पेटीशेजारी त्याची म्हातारी बायको बसली होती. माझा हात आधीच पुढे झाला होता. तिने पासपोर्ट घेतले. बाबांचा उघडला, फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "चेहरा मायाळू आहे." मग परत दिले. मी नमस्कार केला आणि पाठ न दाखवता बाहेर आलो.

"मिळाली खोली?" बाबांनी विचारलं.

"त्यात आधीच एक गृहस्थ आहेत, बाबा."

"मग ते कधी सोडून राहिले?"

मी त्या उंच माणसाला विचारलं. "उद्या सकाळी अकराला," तो म्हणाला.

"म्हणजे चेक-आउटच्या वेळेला," बाबा म्हणाले. "नियमात आहे." आणि मायकलला घाई करू नका असं सांगायला स्वतःच आत गेले.

बाहेर आले तेव्हा चेहरा मायाळू नव्हता. आईंच्या कानात काहीतरी बोलले.

"अगंबाई," आई म्हणाल्या, "मी केक खाल्ला."

"दोन," बाबा म्हणाले. "आणि यांना विचार, आता काय करायचं." परत 'यांना'. जावईबापू म्हणून मी पंधरा मिनिटं जगलो.

शेवटी धीर करून मी त्या उंच माणसाला सगळं सांगितलं. तो मायकलचा मुलगा होता. ऐकता ऐकता तो जिन्यावर बसला आणि त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता. वडील बोटीवर नोकरीला होते, तिथले हे मित्र असणार, असं त्यांना वाटलेलं. त्याने आत जाऊन आपल्या आईला सांगितलं. मग आतून तिचं हसणं ऐकू आलं आणि सगळं घर गप्प झालं. तीन दिवसांत ती पहिल्यांदा हसली होती म्हणे.

आमच्या बॅगा त्यानेच उचलल्या. खरं निळं दार चार घरं सोडून होतं. तिथे माणूस नावाला नाही. खोलीच्या दाराला आकडे दाबायचं कुलूप. आकडे फोनवर आले होते. उघडं होतं ते फक्त बाहेरचं दार.

पण तांब्याचा टब कामाला आला. मयताच्या घरून आलेलो, आल्याआल्या आंघोळ हवीच. एक जण आत, दोघं बाहेर, अशा पाळीपाळीने आंघोळी उरकल्या. खोलीबाहेरच्या बोळात बाबा ओलं डोकं पुसत उभे होते.

"इथं चहा कोणी विचारून नाही राहिलं," ते म्हणाले. "उद्या अकराला आपण जाऊ. त्यांचं खाल्लंय आपण."

केतकी दुसऱ्या दिवशी स्टेशनवरून थेट चर्चच्या दारात आली. "बाबा, हॉटेल कसं आहे?"

"दुसरं ठीक आहे," बाबा म्हणाले. "पहिलं फार चांगलं होतं."

आता आम्ही कुठेही निघालो की नागपूरहून फोन येतो. आता ते मला आवर्जून जावईबापू म्हणतात. एकाच वाक्यात म्हणतात, पण म्हणतात.

"जावईबापू, हॉटेल बघितलं ना नीट? आत कोणी गेलेलं नाही ना?"