धाकट्या जावेचं कुरूप

माझ्या आणि धाकट्या जावेच्या, दोघींच्याही तळपायाला कुरूप झालं होतं. रत्नागिरीच्या कातळावर अनवाणी चालायचं, मग दुसरं काय होणार? मी सगळ्या बायकांसारखा बिब्बा तापवून लावला. तो उतला. कुरूप जागच्या जागी राहिलं आणि भोवती फोड आले.

शिमग्याला दीर मुंबईहून आले ते तिच्यासाठी औषधी पट्ट्यांची डबी घेऊन. मला वाटलं, डबी हातात देतील आणि मोकळे होतील. पण मागच्या पडवीत कोमट पाणी घेऊन बसले, आणि बायकोचा पाय चक्क मांडीवर घेतला! भिजवून कोरडा केला, पट्टी कुरपाएवढीच गोल कापली. "औषध चांगल्या कातडीला लागता नये, जळते ती," म्हणून समजावत होते. नवऱ्याने बायकोचे पाय धरायचे? सासूबाईंनी तोंड फिरवलं. मी मात्र दारात खिळून राहिले. अंगाची नुसती लाही होत होती.

उरलेल्या पट्ट्या तिने मला दिल्या. "जाऊबाई, फोड सुकल्यावरच लावा हो."

फोड सुकल्यावर मी ह्यांच्यापुढे पाय केला. "तुझे हात मोडलेत काय?" म्हणाले.

पाणी मीच तापवलं, पट्टी मीच कापली. काही दिवसांनी कुरूप मऊ होऊन निघालं. धाकटीने हसून विचारलं, "गेलं ना दुखणं?"

मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही.