आवाहन आणि आदेश

करीमभाई कुठलाही सरकारी कागद शेवटून वाचायला घेत. तहसील कचेरीसमोरच्या चिंचेखाली बसून ते लोकांचे अर्ज टाइप करून देत. शेजारीच माझं, नव्या वकिलाचं, टेबल होतं. कागदाच्या शेवटी ‘आवाहन करण्यात येत आहे’ असं दिसलं की चष्मा काढून मला म्हणत, “वकीलसाहेब, हे फक्त वाचाले हाये. चालवाले नाई.”

एकदा मासे धरणाऱ्या ढिवर समाजाच्या पार्बताबाई आल्या. गावच्या जुन्या मामा तलावात, म्हणजे मालगुजारांच्या काळात बांधलेल्या तलावात, कोणी ठेकेदार मुरूम टाकत होता. त्याच तलावाच्या पाळीवर पाणथळ दिनाला तहसीलदारसाहेबांनी तलाव जपण्याची घोषणा वाचली होती. तिची सहीशिक्क्याची प्रत बाईंनी प्लास्टिकच्या पिशवीत सांभाळून ठेवली होती. ती दाखवली तर ट्रकवाले हसले, असं त्यांनी सांगितलं.

करीमभाईंनी कागद परत दिला. “बाई, याच्यात आदेश नाई. याच्यानं ट्रक थांबत नाई.”

“मंग कायच्यानं थांबते, भाऊ?”

मागचा माणूस उत्पन्नाच्या दाखल्यासाठी घाई करत होता. करीमभाई त्याच्याकडे वळले. बाई कागद पिशवीत घालून निघून गेल्या.

पुढचे तीन दिवस करीमभाई नेहमीचे अर्ज टाइप करत राहिले. चौथ्या दिवशी त्यांनी टाइपरायटरवर कापड टाकलं आणि मला घेऊन एसटीनं त्या गावी गेले. तोवर तलावाचा एक कोपरा बुजला होता. पाळीवर उभं राहून ते हळू आवाजात म्हणाले, “मी बराबर बोललो होतो. पण बाईनं ते विचारलंच नोतं.”

मग ते कामाला लागले. गावाचे सामायिक हक्क ज्यात नोंदलेले असतात, त्या निस्तार पत्रकाची नक्कल त्यांनी काढवली. त्यात मासेमारी आणि गुरांचं पाणी, दोन्ही लिहिलेलं होतं. ग्रामसभेनं ठराव केला. अर्ज त्यांनीच टाइप केला आणि शेवटी ती घोषणाही जोडली. तिला कायद्यात वजन नाही, मग कशाला, असं मी विचारलं.

“वजन नकलेचं,” ते म्हणाले. “हे साहेबाले आपलं बोलणं आठवाले.”

आठवडाभरात भराव थांबवण्याचा आदेश निघाला. पण आधी पडलेला मुरूम कोणी उचलला नाही. त्या गावाची एसटी समोरून गेली की करीमभाई “चार दिवस” एवढंच पुटपुटत.

गेल्या हिवाळ्यात ते वारले. कब्रस्तानाच्या फाटकापासून बऱ्याच अंतरावर पार्बताबाई सात-आठ बायांसोबत उभ्या होत्या. मी जवळ जाऊन, इतक्या लांब का, असं विचारलं.

“तलावावरून सीध्याच आलो,” त्या म्हणाल्या. “आंगाले मासोळीचा वास हाये, म्हून.”