तुझ्या भावाला सांग

बातमी छापून आली की संपते. किस्सा मात्र छापला नाही की वाढत जातो. शहापूर-मुरबाडच्या बातम्या देता देता माझ्याकडे असे ढीगभर साठलेत. हे ताजे किस्से मोबाइलवर गेम खेळणाऱ्या एका टोळीचे. आपापल्या घरून एकाच काल्पनिक राज्यात शिरायचं, कुणी योद्धा, कुणी वैद्य व्हायचं आणि मिळून किल्ले घ्यायचे, असा तो गेम.

*

मुंबईच्या डेस्कवरून फोन आला, “असा गेम चांगला कशामुळे होतो? एखादा तज्ज्ञ गाठा.”

म्हटलं, “तज्ज्ञ शहापुरात आहे.”

“तिकडे नेटवर्क असतं?”

माझं डोकंच सटकलं. “साहेब, आमच्या धरणांचं पाणी तुमच्याकडे येतं, तुमचं नेटवर्क आमच्याकडे. काय नीट पोचतंय ते नळ उघडून बघा!”

*

तज्ज्ञ म्हणजे सुनंदा. शहापुरात ब्लाउज शिवते, टोळीची सरदार आहे. नवरा रमेश टेम्पो चालवतो. गेममध्ये सर्वांत पुढे उभा राहून मार खातो. तिचा धाकटा भाऊ दिनेश मुरबाडला असतो. तो वैद्य, रमेशवर औषध टाकत राहणं हे त्याचं काम.

मी ग्राफिक्सबद्दल ऐकायच्या तयारीत होतो. सुनंदा म्हणाली, “भाऊ, ज्यात एकट्याला जिंकता येत नाय, तो गेम चांगला.”

*

टोळीत वयाने मोठे खर्डीचे काशिनाथमामा. खेळात सर्वांत कच्चे. पण पहिला वार त्यांचाच! ते वार करतात आणि त्याच क्षणी मरतात. कुणीतरी म्हणालं, “मामा, आज मागं थांबा.”

मामा भडकले, “मान माझा, मरण पण माझं! तुमी कोण सांगणार?”

*

भातलावणीच्या दिवसांत परक्या टोळीने यांच्या किल्ल्यावर चाल केली. सगळे चिखलात. सुनंदाने लिहून टाकलं, ‘आमची लावणी चालू हाय. चार दिवसांनी या.’

‘ओके ताई,’ असं उत्तर आलं. आणि चार दिवसांनी खरंच आले!

*

आता अडचण. नात्यातल्या एका बारशाला रमेशने दिनेशची नीट विचारपूस केली नाही, तेव्हापासून मेव्हणे-दाजींचं बोलणं बंद. गेममध्ये आवाज सगळ्यांना ऐकू जातो, तरी निरोप सुनंदामार्फतच!

“ताई, तुझ्या नवऱ्याला सांग, मागं हट.”

“अहो, तो म्हणतोय मागं हटा.”

“तुझ्या भावाला सांग, आधी औषध टाक.”

निरोप पोचेपर्यंत किल्ल्याचा राखणदार राक्षस दोघांनाही आडवं करायचा. सुनंदा मला म्हणाली, “किल्ला जाऊ दे भाऊ. माझं माहेर तुटतंय.”

*

परवा मोठा किल्ला घ्यायचा होता. मी तिच्या दुकानात बसलो होतो. ऐन लढाईत तिने स्वतःचा माइक बंद केला, फोन मशीनवर ठेवला आणि ब्लाउजला हुक लावायला घेतले.

“ताई, तुझ्या नवऱ्याला सांग, मागं हट!”

सुनंदा गप्प.

“अगो, ऐकतेस काय? तुझ्या भावाला सांग, औषध टाक!”

सुनंदा गप्प.

“ताई? ...दाजी, मागं! मागं या!”

“टाक रे दिन्या, टाक!”

किल्ला सर झाला. टोळी आनंदाने ओरडली. ओरडा ओसरल्यावर दिनेशचा हळू आवाज आला, “ताई, दाजींना सांग, चांगलं खेळले.”

“तुझ्या भावाला सांग,” रमेश खाकरला, “रविवारी जेवायला ये म्हणावं.”

माइक बंदच होता. सुनंदाने दातांनी दोरा तोडला.

“सांग त्यांना,” दिनेश म्हणाला, “येतो म्हणावं.”